हरभऱ्याच्या मुळावरची गाठ

हरभरा फुलावर आला, की आम्ही गटातल्या बाया एखादं रोप खुरप्यानं हळूच खणून काढतो आणि मुळावरची गाठ नखानं फोडून बघतो. आत गुलाबी दिसली, तर समजायचं रायझोबियम जिवाणू कामाला लागलेत. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. जिवाणू ते पिकाला पुरवतात, पीक त्यांना साखर देतं. युरिया जास्त टाकला, तर गाठी कमी धरतात. मग उसनवारी करून गोणी कशाला आणायची?

पेरणीआधी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी. पाकीट हरभऱ्याचंच हवं, सोयाबीनचं चालत नाही.

काढणीला रोप उपटू नका, विळ्यानं कापा. मातीत राहिलेली मुळं जिवाणू कुजवतात, त्यातलं काही नत्र आपल्या अंगात साठवतात आणि ते मेले, की ते पुढच्या पिकाला मिळतं. धसकटं पेटवली, तर हेच नत्र धुरावाटे जातं.

बियाणं राखणं, चोळणं आपल्याच हातात असतं. तेव्हा यंदा एक गाठ फोडून बघाच!