बडीशेपेच्या वासाचं रानफूल

आपल्या मिसळणाच्या डब्यातले जिरे आणि धने एकाच कुळातले आहेत. ओवा, बडीशेप, हिंग, शेपू, गाजर हेही त्यातलेच. परसातली कोथिंबीर खुडायची राहून गेली, की तिच्यावर पांढऱ्या बारीक फुलांची छत्री उघडते. एका बिंदूतून काड्या फुटतात आणि काड्यांच्या टोकांना फुलं येतात. ही या कुळाची खूण.

याच कुळात विषही आहे. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सला सॉक्रेटिसला दिलेला पेला हेमलॉकचा होता, असं मानलं जातं. मूळचं युरोपातलं ते झुडूप आज अमेरिकेत रस्तोरस्ती माजलेलं आहे. त्याचीही फुलं पांढरी, छत्रीसारखीच.

हे सांगायचं कारण असं, की उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. मे महिन्यात न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियाच्या मेपल-ओकच्या रानात फिरताना पायवाटेलगत, सावलीत, गुडघा-मांडीएवढं एक रोप दिसतं. पानं नेच्यासारखी कातरलेली, छत्री विरळ, फुलं इतकी लहान की वाकून पाहावं लागतं. हे तिथलं अस्सल रानफूल, स्वीट सिसली. शास्त्रीय नाव ओस्मोरायझा, म्हणजे सुगंधी मूळ.

तिच्या दोन जाती तिथे नेहमी भेटतात. एकीला क्लेटनचं नाव आहे. अठराव्या शतकात व्हर्जिनियात वनस्पती गोळा करणारा हा जॉन क्लेटन. हिचं खोड लवदार असतं, वास मंद. दुसरीचं खोड बहुधा गुळगुळीत, पण पान चुरगाळलं की थेट जेवणानंतरची बडीशेप! फुलाच्या मधोमध दोन तंतू असतात. पहिलीत ते आखूड, दुसरीत पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारे.

हेमलॉकचं खोड मात्र तुळतुळीत, पोकळ आणि जांभळ्या डागांचं. चुरगाळलेल्या पानाला उंदराच्या बिळासारखा कुबट वास येतो. ते माणसापेक्षा उंच होतं खरं, पण पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता पानांचा झुबका असतो, म्हणून उंचीवर विसंबू नये. नाकावरही एकट्यावर नको. एकदा बडीशेपेचा वास बोटांना लागला, की पुढचं प्रत्येक पान तसंच वासाचं वाटू लागतं. शिवाय ओढ्याकाठी, दलदलीत वॉटर हेमलॉक वाढतं. तेही तिथलंच, आणि त्याच्या मुळाच्या एखाद्या घासानेही माणसं दगावली आहेत. म्हणून खोड, पान, वास, जागा हे सगळं जुळवून पाहावं, आणि चव अजिबात घेऊ नये. मूळ उपटून खात्री करण्याचा मोहही टाळावा. राष्ट्रीय उद्यानांत त्याला परवानगीही नसते.

सर्वांत भरवशाची खूण फळाची, पण त्यासाठी उन्हाळा सरेपर्यंत थांबावं लागतं. हेमलॉकचं फळ धन्यासारखं गोलसर. सिसलीचं लांब, सुईसारखं निमुळतं, पिकल्यावर काळं, अंगावर आडवे ताठ केस. आपल्या कुसळांसारखं ते पँटला नि मोज्यांना चिकटून घरापर्यंत येतं. भारतात परतताना बॅग भरण्यापूर्वी मोजे एकदा झटकून पाहा. परदेशी बी परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही.