खणलेल्या जमिनीची परीक्षा

मी राहते मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात. खाडी आणि मिठागरांच्या या भागात इमारत उभी करायची तर आधी भराव घालावा लागतो. तो मुरूम, ती खडी कुठल्या तरी डोंगरातून, कुणाच्या तरी शेतातून आलेली असते. माती जिथून गेली तिथे मागे काय उरतं, याचा विचार मीही कधी केला नव्हता. धाकट्या बहिणीमुळे तो करावा लागला.

ती नागपूर जिल्ह्यात शेती करते. रस्त्याच्या कामासाठी एका ठेकेदाराने तिच्या एक एकरातला मुरूम उचलला. "खड्डा बुजवून देतो," असं तोंडी ठरलं होतं. त्याने दगडगोटे लोटले, वर वीतभर काळी माती पसरली आणि तो निघून गेला. वरून रान छान दिसत होतं. बहिणीने बचत गटाचं कर्ज काढून संत्र्याची रोपं लावली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिचा फोन आला, "ताई, सारी झाडं वाळली वं." झाडं गेली, पण कर्जाचे हप्ते सुरूच राहिले.

चूक कुठे झाली? तिने मातीचा रंग पाहिला, खोली पाहिली नाही. ट्रकच्या चाकांनी खालचा थर दाबून कडक झाला होता. पावसाचं पाणी खाली मुरेना, मुळाशी साचून राही. संत्र्याला साचलेलं पाणी सोसत नाही, मुळं कुजतात.

म्हणून खणलेल्या जमिनीत काही लावण्याआधी चार गोष्टी बघाव्या.

पहिली, खोली. चार-पाच ठिकाणी पहारीने खणा. मऊ माती किती आणि दगड कुठे लागतो ते मोजून लिहून ठेवा. एकाच शेतात दर दहा पावलांवर हे बदलू शकतं.

दुसरी, निचरा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर खाली कडक थर आहे असं समजा. तो खोल नांगरटीने फोडावा लागतो.

तिसरी, पोत. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा आणि एक दिवस ठेवा. वाळू तळाशी बसते, तिच्यावर पोयटा, सर्वात वर चिकणमाती. नुसती वाळू असेल तर पाणी टिकत नाही. नुसती चिकणमाती असेल तर ते निघत नाही.

चौथी, प्रयोगशाळेतली तपासणी. आठ-दहा ठिकाणांहून इंग्रजी व्ही अक्षरासारखा, वीतभर खोल खड्डा घेऊन माती काढा, एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा. भरावाचा आणि मूळ जमिनीचा नमुना वेगवेगळा द्या, एकत्र केलात तर अहवाल फसवा येतो. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिकेची सरकारी योजना आहे, तिच्यात 12 घटक तपासतात. सामू साडेसहा ते साडेसातच्या आसपास असला तर बहुतेक पिकांना चालतो. कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यात गंधकयुक्त खनिज असेल तर हवा-पाणी लागून माती आंबट होते. तिथे सामू आधी बघावा. सेंद्रिय कर्ब तर खणलेल्या जमिनीत जवळजवळ नसतोच.

मग अशी जमीन कायमची गेली का? नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उघड्याबोडक्या ढिगाऱ्यावर झाडं वाढवून दाखवली. साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ, त्यांनी घातला. मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू दिले. मातीत आधी जीव आणला, मग झाडं धरली.

बहिणीनेही तेच केलं, आपल्या ऐपतीने. जिथे खोली होती तिथे ताग पेरला आणि फुलावर येताच गाडला. शेणखत दिलं. दोन वर्षांनी तूर घेतली. मुरमाड, उथळ भागात सीताफळ लावलं, त्याला हलकी जमीन चालते. सर्वात खोलगट कोपरा तिने भरलाच नाही, तिथे पाणी साठवते. पूर्वीची एकरभर शेती परत आली नाही, हे खरं. पण गटाचं कर्ज फिटलं.

मैत्रिणींनो, गावाकडे तुमच्या नावावर जमीन असेल तर एवढं लक्षात ठेवा. मुरूम हे गौण खनिज आहे, काढायला महसूल खात्याची परवानगी लागते. सही करण्यापूर्वी ती परवानगी बघायला मागा. वरची फूटभर माती आधी वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी तीच वर पसरायची, हे कागदावर लिहून घ्या. ती माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, उचलायला एक दुपार पुरते.

आणि सोसायटीत बाग करणार असाल तर बरणीचा प्रयोग आधी करा. आपल्याही पायाखाली भरावच आहे.