जुना रंधा

आमच्या शेजारचा एक मुलगा सुतारकाम शिकतो. हात चांगला आहे. परंतु नवीं हत्यारें घेण्याइतका पैसा घरांत नाहीं. परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडच्या बाजारांत मोडीच्या ढिगांत एक सागवानी रंधा दिसला, तो आम्ही दोघांनीं घेतला.

जुनें हत्यार घेतांना गंजाला भिऊं नये. तो घासलेटांत भिजवून व कांचकागदानें घासून जातो. पाहावयाचें तें एवढेंच कीं, लांकडाला आरपार चीर आहे काय आणि पात्याला पोलाद किती उरलें आहे. जुनीं पुष्कळ पातीं नरम लोखंडाचीं असतात. त्यांच्या एका अंगास पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते. खरी धार त्या पट्टीचीच. ती झिजून संपली असेल, तर तें पातें फुकट मिळालें तरी महागच.

आमचें लांकूड निर्दोष होतें. पण तळ झिजून खोलगट झाला होता व तोंड रुंदावलें होतें. जाड कांचेवर कांचकागद पसरून तळ घासला. त्या वेळीं पातें किंचित् आंत ओढलें, पाचर मात्र ठोकलेलीच ठेवली. कारण तिच्या दाबानें लांकूड थोडें वांकतें, आणि कामाच्या वेळींही तें तसेंच असतें. तोंडापुढें शिसवीची चीप बसवून फट अरुंद केली. फट रुंद असली म्हणजे लांकूड उचकटून खरबरीत होतें.

पुढें मात्र माझ्या उतावीळपणाची गोष्ट आहे. पातें विजेच्या चाकावर धरलें आणि मधून मधून पाण्यांत बुडविण्याचा आळस केला. क्षणांत कडेवर निळी झांक आली. निळें पडलें म्हणजे पोलादाचें पाणी उतरलें! मुलगा कांहीं बोलला नाहीं. परंतु त्याचा चेहरा उतरला.

तारलें तें लोहारानें. त्यानें पातें लाल तापविलें, आणि त्याला चुंबक चिकटेनासा होतांच तेलांत बुडविलें. मग एक अंग घासून उजळ केलें, मंद आंचेवर धरलें आणि वाळल्या कडब्याचा पिवळा रंग दिसतांच थांबविलें. त्यानंतर ओल्या दगडावर सुमारे तीस अंशांचा उतार देऊन आम्ही धार लावली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ ग्रंथांत बलुतेदारांची हकीकत आहे. त्यांत सुतार आणि लोहार जवळजवळ कां उभे असतात, हें मला त्या भट्टीपाशीं उमगलें. एकाची धार दुसऱ्याच्या आंचेवर अवलंबून असते.

श्रोतेहो, काटकसर म्हणजे सर्वच खर्च टाळणें नव्हे. रंग आणि चकाकी यांचे पैसे आम्हीं वांचविले. लोहाराची मजुरी आनंदानें दिली. गेल्या महिन्यांत त्या मुलानें याच रंध्यानें बाभळीची एक चौकट साफ केली, आणि पहिली कमाई आईच्या हातीं ठेवली.