मान हलवणारा नंदी
(भिवंडी येथील बैठकीत केलेले भाषण)



आपल्या कापसाचं सूत ज्या गावात मागावर चढतं, त्या भिवंडीत आज आपण बसलो आहोत. लेकरंही बरोबर आली आहेत. म्हणून आधी गोष्ट त्यांची.

एक होता नंदीबैल. पाठीवर झूल, शिंगांना गोंडे. औताला कधी जुंपला नाही, पण गावात मान मोठा! मालकानं गुबगुबी वाजवली की विचाराल त्याला 'हो'. पाऊस येईल का? हो. शाळेला सुट्टी मिळेल का? हो. कपाशीला भाव मिळेल का? हो! म्हाताऱ्यांनी खुशीनं सूपभर ज्वारी घातली. तेवढ्यात एक पोरगी पुढं झाली. "नंदीबाबा, तू खोटं बोलतोस का?" गुबगुबी वाजली. नंदीनं मान हलवली, "हो!"

हसलात ना? बैल काही ज्योतिषी नसतो. आवाजावर आणि दोरीच्या हिसक्यावर मान हलवायला त्याला शिकवलेलं असतं. नंदीवाल्याला मी नावं ठेवत नाही. त्या बिचाऱ्याचं पोट सूपभर ज्वारीवर.

पण मीसुद्धा नंदीबैलच होतो. शेतीची पदवी घेतली, नोकरी धरली. वरून कागद आला की मान हलवायची. एका वर्षी पावसानं ताण दिला होता, जमीन कोरडी ठाक. तरी कागदावर तारीख होती म्हणून मी ज्वारीला वरखत द्यायला सांगितलं. युरिया वाया गेला. पैसा शेतकऱ्याचा गेला, माझा पगार शाबूत राहिला.

आता मोठा नंदी पाहा. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये हमीभाव जाहीर झाला. मान हलली. त्याच वर्षी 19 ऑगस्टपासून 31 डिसेंबरपर्यंत परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. नेमका आपला कापूस घरात यायच्या दिवसांत! इथला मागवाला आपला वैरी नाही. त्यालाही पोट आहे. मान हललेली पाहू नका, दोरी कोणाच्या हातात आहे ते पाहा.

आणि त्या पोरीसारखं विचारायला शिका. 'भाव मिळेल का' एवढंच विचाराल, तर 'हो' म्हणणं सोपं. विचारा, खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडणार? ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला तर किती कापणार? आमच्या गावचे किती क्विंटल घेणार?

या प्रश्नांना नुसती मान हलवून भागत नाही. तोंड उघडावं लागतं.