एक शब्द : पास
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने भाषणाला उभे राहिले की मुले घड्याळाकडे पाहू लागतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज मी तुमच्यापुढे एकच शब्द ठेवणार आहे, आणि तोही असा की ज्याला तुमच्यापैकी कोणी परका म्हणणार नाही. निकालाच्या दिवशी घरोघरी ऐकू येणारा शब्द : पास.

शाळेत असताना एका उताऱ्यात मला एक वाक्य भाषांतराला आले होते. फौजेने रात्री ‘पास’ ओलांडला, असा त्याचा अर्थ. मी लिहिले, ‘सैन्य रात्री पास झाले.’ मास्तरांनी वही सगळ्या वर्गाला वाचून दाखविली. वर्ग हसला, मीही हसलो, पण घरी जाताना मनात आले की सैन्याने ओलांडले तरी काय?

त्याचे उत्तर चांदवडच्या माणसाला शाळेबाहेर पडताच दिसते. सातमाळ्याची डोंगररांग आपल्या डोक्याशी उभी आहे, आणि मुंबई-आग्रा रस्ता राहुडच्या घाटाने ती ओलांडून मालेगावकडे उतरतो. दोन डोंगरांमधली ही जी वाट, तिला आपण खिंड म्हणतो, घाट म्हणतो. इंग्रज तिला ‘पास’ म्हणतो. खैबर खिंड ती खैबर पास, बोलन खिंड ती बोलन पास. आपला चांदवडचा किल्ला उगाच त्या टेकाडावर नाही. खानदेशातून नाशिककडे येणारी वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात मुलखाची किल्ली. म्हणून तर 1804 साली इंग्रजी फौज होळकरांच्या या किल्ल्यावर चालून आली, आणि 1818 साली तो कायमचा होळकरांच्या हातून गेला. एवढा इतिहास ज्या शब्दात आहे, त्याचे मी ‘पास झाले’ करून टाकले होते!

आता मूळ पाहा. लॅटिन भाषेत पावलाला ‘पासुस’ म्हणतात. फ्रेंचांच्या मार्गाने ते पाऊल इंग्रजीत आले आणि तिथे त्याचे मोठे कुटुंब झाले. पावलाने जायचे ते जाणे, ज्यातून जायचे ती खिंड, जाऊ देणारी चिठ्ठी, आणि परीक्षेच्या पलीकडे गेलेला विद्यार्थी, सगळे एकाच घरचे. पासपोर्ट, पॅसेंजर, घरातला पॅसेज, तुमच्या पेपरातला पॅसेज हेही भाऊबंदच. इतकेच काय, तुमच्या दप्तरातल्या कंपासपेटीतला ‘कंपास’सुद्धा पावलांनी मोजण्यावरूनच आला. मात्र ‘पॅशन’ हा शब्द या घरातला नाही. दिसतो सारखा, पण त्याचे मूळ सोसण्याच्या अर्थाचे आहे. चेहरा सारखा म्हणून सगळेच नातेवाईक नसतात.

चिठ्ठी म्हटली की बाजार समितीतला गेट पास आठवतो. फुटबॉलमध्ये चेंडू सोबत्याकडे देणे, तोही पास. गावाला वळसा घालणारा रस्ता बायपास, आणि हृदयाची शस्त्रक्रियाही बायपास. दोन्हीकडे तुंबलेली वाट सोडून दुसरी काढायची असते. एक जरा चमत्कारिक प्रयोगही लक्षात ठेवा. गोष्टी ‘प्रिटी पास’ला आल्या असे इंग्रज म्हणाला, तर ते कौतुक समजू नका, अवस्था वाईट झाली, असे त्याला म्हणायचे असते.

आपल्या घरांतल्या मुलांना आणखी एक अडचण. उर्दूतला ‘पास’ म्हणजे जवळ. तो मराठीतल्या ‘घरापाशी’मधल्या ‘पाशी’चा सख्खा, दोघे संस्कृत ‘पार्श्व’चे. आणि फारसी ‘पास’ म्हणजे राखण, लिहाज, त्यावरूनच पासबान. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणायचा, ‘सर, मेरे पास पास नहीं है.’ दोन पास, दोन भाषा, आणि बस चुकलेली.

आता पालकांशी थोडे बोलतो. शंभरात पस्तीस मिळाले की पास, ही परीक्षा मंडळाची भाषा. आपण ती घरात आणली आणि त्या शब्दाचा अर्थ ‘संपले’ असा करून टाकला. काही वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील दहावीचा निकाल घेऊन आले. मुलगी इंग्रजीत वर्गात पुढे होती. मी विचारले, अकरावीचे काय? ते म्हणाले, ‘पास झाली ना सर, आता बस.’ मी सांगितले, चाचा, ज्या शब्दाला तुम्ही मुक्काम म्हणता, तो मुळात पाऊल आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग खरी गोष्ट बोलले : गावात पुढचा वर्ग नाही, रोजचे भाडे परवडत नाही, आणि पोर संध्याकाळी कशी येईल ही काळजी. भाड्याचे मी सांगू शकलो. संध्याकाळच्या बसचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि ती मुलगी त्या वर्षी घरीच राहिली. ही गोष्ट मला अजून टोचते.

भाड्याचे मी जे सांगितले ते तुम्हीही ऐका. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेच्या जाण्यायेण्यासाठी एसटीचा मासिक पास मोफत आहे. त्या योजनेला नाव आहे अहिल्याबाई होळकरांचे, ज्यांच्या घराण्याचा रंगमहाल तुमच्या गावात उभा आहे. मुलांनाही भाड्याचा एक तृतीयांशच भाग भरावा लागतो. पूर्वी पाससाठी आगारात रांग लावावी लागे. आता पास शाळेतच देण्याची मोहीम एसटीने सुरू केली आहे.

राहिली संध्याकाळची बस. एकट्याचा अर्ज कोणी वाचत नाही. पण एका वाटेवरच्या चार गावांनी मिळून, किती मुली आणि कोणत्या वेळी सुटतात हे लिहून दिले, तर आगारप्रमुखाला वेळ बदलण्याचा विचार करावा लागतो. ज्यांच्या मुली यंदा दहावीला आहेत त्यांनी जाण्यापूर्वी मागच्या टेबलावरच्या वहीत गावाचे नाव आणि शाळा सुटण्याची वेळ लिहून जावी. वही मी स्वतः घेऊन जाणार आहे.