ट्रॉयचा शोध : काव्य, माती आणि सरकलेला समुद्र



होमरच्या ‘इलियड’मधील ट्रॉय नगरी नेमकी कोठे होती, हा प्रश्न आधुनिक संशोधकांनी प्रथम विचारला असे नाही. तो प्राचीन ग्रीकांनाही पडला होता. डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ ‘इलियन’ नावाचे गाव त्यांच्या काळी नांदत होते आणि तेच प्राचीन ट्रॉय, अशी तेथील लोकांची श्रद्धा होती. इ. स. पू. ३३४ मध्ये आशियात उतरलेल्या अलेक्झांडरनेही तेथे जाऊन पूजा केली. भूगोलकार स्ट्रेबोला मात्र हे मान्य नव्हते. त्याचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. नद्यांच्या गाळाने किनारा पुढे सरकला आहे. म्हणजे युद्धाच्या काळी समुद्र याहूनही जवळ असणार. मग तट आणि ग्रीकांची जहाजे यांच्यामध्ये काव्यातील लढाया मावतील एवढे मैदान उरते कोठे? म्हणून त्याने ट्रॉयची जागा तीस स्टेडिया आत ढकलली. गाळाविषयी त्याचे निरीक्षण अचूक होते. चुकला तो निष्कर्ष.

पुढे १७८५ मध्ये लशव्हालिए या फ्रेंच प्रवाशाने बुनारबाशी हे गाव पुढे आणले. हेक्टरचा पाठलाग करताना अकिलिस दोन झऱ्यांवरून धावतो, एक उष्ण व एक शीत, असे काव्यात वर्णन आहे. बुनारबाशीला झरे होते, एवढ्यावर विद्वानांची समजूत पटली आणि ती जवळजवळ शतकभर टिकली. १८६८ मध्ये हाइनरिख श्लीमान तेथे गेला तो तापमापी घेऊन. झरे दोन नव्हते, पुष्कळ होते आणि सर्वांचे पाणी सारख्याच तापमानाचे! शिवाय समुद्र इतका दूर, की दिवसातून अनेकदा तळ व तट यांमध्ये ये-जा करणारे योद्धे तेथे कल्पिताच येईनात.

हिसार्लिकच्या टेकडीकडे बोट दाखवणारे आधीच होऊन गेले होते. चार्ल्स मॅक्लारेन या स्कॉटिश संपादकाने १८२२ मध्ये ती जागा सुचविली होती. फ्रँक कॅल्व्हर्टने तर टेकडीचा काही भाग विकत घेऊन खोदकामही आरंभले होते. श्लीमानला हिसार्लिकची वाट दाखविली ती त्यानेच. श्रेय मात्र श्लीमानने त्याच्या वाट्याला फारसे येऊ दिले नाही.

ट्रॉय अगदी तळाशी असणार, या विश्वासाने श्लीमानने १८७१ ते १८७३ या काळात टेकडीच्या पोटातून प्रचंड चर खणला. १८७३ मध्ये सोने सापडले. त्याने त्याला ‘प्रायमचा खजिना’ म्हटले. परंतु तो थर युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळापेक्षा हजारांहून अधिक वर्षे जुना निघाला. ज्या थरांसाठी हा खटाटोप, तेच वरच्या बाजूस होते! टेकडीचा माथा ग्रीक-रोमन बांधकामांनी पूर्वीच छाटला होता. उरल्यातले बरेच या चरात गेले. काठावर जे वाचले, त्यावरून डर्पफेल्डने १८९३-९४ मध्ये सहाव्या वसाहतीचे भव्य तट उजेडात आणले. श्रद्धेने पछाडलेला माणूस आणि शास्त्रज्ञ यांतील अंतर या दोन खोदकामांत स्पष्ट दिसते.

स्ट्रेबोच्या गाळाचा उलगडा मात्र कुदळीने झाला नाही. मैदानात खोल छिद्रे पाडून मातीचे नमुने काढण्यात आले आणि १९८० मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज शेते पसरली आहेत, तेथे एके काळी उपसागर होता आणि त्याचे पाणी हिसार्लिकच्या पायथ्यापर्यंत पोहोचत होते. आजच्या किनाऱ्यापासून अंतरे मोजणारे सारेच फसले, ते यामुळे.

नेस्टरच्या पायलॉसचे भाग्य निराळे. तीन गावे त्या नावावर हक्क सांगत होती आणि स्ट्रेबोने येथेही भलतेच निवडले. १९३९ मध्ये कार्ल ब्लेगेनने ग्रीसच्या नैऋत्येस, मेसेनियात, राजवाडा शोधला आणि पहिल्याच दिवशी मातीच्या लेखपट्टिका हाती लागल्या. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने ती लिपी उलगडली, तेव्हा पट्टिकांवर ‘पु-रो’ हे नाव वाचता आले. नगरीने आपले नाव आपणच सांगितले.

हिसार्लिकला असा पुरावा नाही. हिटाइट लेखांतील ‘विलुसा’ म्हणजेच इलियन, असे अनेक अभ्यासक मानतात. पण ते लेख दूर हत्तुशा येथे सापडले. टेकडीवर १९९५ मध्ये मिळाली ती लुव्हियन लिपीतील एक लहानशी कांस्यमुद्रा. तिच्या एका बाजूस एका लेखनिकाचा आणि दुसऱ्या बाजूस एका स्त्रीचा उल्लेख आहे. नगरीचे नाव तिच्यावर नाही.