लू व्हिटेकर आणि पंधरा मतं

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा विषय निघाला की पहिलं नाव येतं बॅरी बाँड्सचं. ७६२ होम रन, सात वेळा एमव्हीपी, आणि तरीही स्टेरॉइड्सच्या सावटामुळे दाराबाहेर. बोला की, हरकत नाही. पण बाँड्सच्या नावावर निदान दहा वर्षं मतदान झालं. दरवर्षी लोक कडाकडा भांडले, आणि २०२२ मध्ये शेवटच्या संधीला तो ६६ टक्क्यांवर थांबला. मला आज बोलायचंय ते अशा माणसाबद्दल, ज्याच्यासाठी कुणी धड भांडलंच नाही. डेट्रॉइट टायगर्सचा सेकंड बेसमन लू व्हिटेकर.

आधी नियम सांगतो, थोडक्यात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली की खेळाडूचं नाव मतपत्रिकेवर येऊ शकतं. मत देतात ते बेसबॉलवर दहा वर्षं लिहिणारे पत्रकार, आणि एकाला जास्तीत जास्त दहा नावं निवडता येतात. निवडून यायला ७५ टक्के लागतात. मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा, असं दहा वर्षं. व्हिटेकरच्या वेळी ही मुदत पंधरा वर्षांची होती. पण ५ टक्क्यांच्या खाली गेलात, की नाव कायमचं कापलं. आजची सगळी गोष्ट या शेवटच्या वाक्याची आहे.

आता जरा मैदानावर चला. ९ सप्टेंबर १९७७, बॉस्टन. टायगर्सकडून दोन पोरं एकाच दिवशी पहिला सामना खेळली: शॉर्टस्टॉपला अ‍ॅलन ट्रॅमेल आणि सेकंड बेसला व्हिटेकर. आणि मग १९९५ पर्यंत दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. १,९१८ सामने एकत्र! डबल प्ले तुम्ही पाहिला असेल. शॉर्टस्टॉप चेंडू उचलून सेकंड बेसकडे टाकतो, सेकंड बेसमन तो घेता घेताच बेसला पाय लावतो, वळतो आणि पहिल्या बेसला फेकतो. आणि हे सगळं चालू असताना समोरचा धावपटू घसरत त्याच्या पायावर येत असतो. शॉर्टस्टॉपला खेळ समोर दिसतो. सेकंड बेसमनला बऱ्याचदा पाठ अर्धी वळवून, अंदाजानं करावं लागतं. ही अशी जोडी १९ हंगाम टिकली. एवढी दुसरी कुठलीच टिकलेली नाही.

आता दोघांचे आकडे शेजारी ठेवा. हिट्स: व्हिटेकर २,३६९, ट्रॅमेल २,३६५. वाचताना छापण्यात काहीतरी गडबड झाली असं वाटावं इतके जवळ. होम रन: व्हिटेकर २४४, ट्रॅमेल १८५. आणि हल्ली ज्याच्या आधाराने सगळे भांडतात तो वॉर नावाचा आकडा, म्हणजे एखाद्या साध्यासुध्या बदली खेळाडूच्या तुलनेत या माणसाने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले याचा हिशोब. बेसबॉल-रेफरन्सच्या हिशोबानं व्हिटेकर सुमारे ७५, ट्रॅमेल सुमारे ७१. सँडबर्ग, अलोमार, बिजिओ हे तिघेही सेकंड बेसमन, तिघेही हॉलमध्ये, आणि तिघांचाही वॉर ७० च्या आत.

ट्रॅमेल मतपत्रिकेवर पूर्ण पंधरा वर्षं राहिला. पत्रकारांनी त्याला घेतलं नाहीच, पण नाव जिवंत राहिलं, चर्चा होत राहिली, आणि २०१७ च्या डिसेंबरात ज्येष्ठांच्या समितीने त्याला निवडलं. व्हिटेकर? २००१ ची मतपत्रिका, ५१५ मतं, त्यातली त्याला १५. म्हणजे २.९ टक्के. अकरा मतं आणखी मिळाली असती तर नाव राहिलं असतं. एका फटक्यात विषय संपला.

का झालं असं? माझं मत सांगतो. व्हिटेकर गाजावाजा करणारा नव्हता. त्याचं मोठं भांडवल म्हणजे वॉक. कारकिर्दीत ११९७ वेळा तो चेंडू सोडून शांतपणे पहिल्या बेसला चालत गेला. २००१ मध्ये बहुतेक पत्रकारांच्या लेखी त्याला फारशी किंमत नव्हती. आणि लोकांना त्याच्याबद्दल आठवतं काय, तर १९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला हा गणवेश घरी विसरून आला आणि दुकानातली जर्सी विकत घेऊन, पाठीवर मार्करने नंबर काढून खेळला! किस्सा भारीच आहे, पण किश्शावर मतं मिळत नाहीत.

विरुद्ध बाजूही आहे, आणि ती पोकळ नाही. डावखुऱ्या पिचरसमोर व्हिटेकर कमी पडायचा, आणि शेवटच्या वर्षांत अशा दिवशी त्याला बरेचदा बसवलं जायचं. एमव्हीपी कधी मिळाला नाही. "तो कधी तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम होता का?" या प्रश्नाला माझ्याकडे ठाम 'हो' नाही. मान्य. पण हे प्रश्न पंधरा वर्षं विचारायला हवे होते ना! स्कॉट रोलेन २०१८ मध्ये १०.२ टक्क्यांवर होता, २०२३ मध्ये निवडून आला. बिली वॅगनर १०.५ वरून दहाव्या वर्षी आत गेला. त्यांची मैदानातली कामगिरी मधल्या काळात एका धावेनेही बदलली नव्हती. बदललं ते बघणाऱ्यांचं मन, आणि त्याला वेळ लागला. ५ टक्क्यांचा नियम नेमका हा वेळ काढून घेतो. माझं म्हणणं सरळ आहे: पहिल्या वर्षी कुणाचंच नाव कापू नका. निदान तीन वर्षं द्या.

समितीचा मार्ग आहे म्हणतात. आहे. २०१९ मध्ये व्हिटेकर त्या यादीत आला. १६ पैकी १२ मतं लागतात, त्याला ६ मिळाली. पुढे २०२२ च्या यादीत नावच नाही. २०२५ च्या यादीतही नाही. मधल्या काळात, २०२२ मध्ये, टायगर्सने त्याचा १ नंबर सन्मानाने निवृत्त केला. २०१८ मध्ये कूपर्सटाउनला ट्रॅमेलच्या समारंभात व्हिटेकर समोर प्रेक्षकांत बसला होता, आणि ट्रॅमेलने भाषणात त्याच्याकडे बघून म्हटलं, की एक दिवस तूही इथे असावास.

हे मी घाईने का बोलतोय, तर डिक अ‍ॅलनमुळे. २०१४ मध्ये एका मताने हुकला. २०२० च्या डिसेंबरात वारला. २०२१ मध्ये पुन्हा एका मताने हुकला, आणि निवडला गेला २०२४ मध्ये. रॉन सँटो २०१० मध्ये गेला, २०११ मध्ये निवडला गेला. दोघांचीही पाटी लागली, पण ती बघायला ते नव्हते. व्हिटेकरचा जन्म १९५७ चा. त्याच्या काळातल्या खेळाडूंचा विचार समिती पुन्हा करणार ती २०२८ च्या डिसेंबरात. तेव्हा तो ७१ वर्षांचा असेल, आणि त्याआधी आठ जणांच्या यादीत त्याचं नाव कुणीतरी घालावं लागेल.